पाटी एक, माल दुसरा

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आज बोलायचंय टीव्हीबद्दल. मालिकेतली सून कशी वागते आणि सासू कशी बोलते, हा आजचा विषय नाही, त्यावर आपण पारावर आणि पाणवठ्यावर पुष्कळ बोलतो. आजचा विषय आहे एकाच कामासाठी निघालेल्या वाहिन्यांचा. कुणी शेतीची वाहिनी म्हणून निघाली, कुणी स्वयंपाकाची, कुणी गाण्यांची, कुणी प्राण्यांची, इतिहासाची, बातम्यांची.

हा विषय रेडिओवर का आणला, ते आधी सांगते. पेठ आणि आजूबाजूच्या वाड्यांमधल्या बचत गटांचं काम मी बघते. घरखर्चाची वही मांडायला बसलं की तेल, मीठ, दवाखाना, शाळा यांच्याखाली ‘केबल’ किंवा ‘रिचार्ज’ असा एक आकडा येतो. कुणाचा तीनशे, कुणाचा साडेतीनशे. आपली गटातली बचत महिन्याला शंभर रुपये. म्हणजे बचतीच्या तिप्पट पैसा आपण टीव्हीवर घालतो. घालू नये असं मी म्हणत नाही. दिवसभर शेतात वाकून आलेल्या बाईला घटकाभर करमणूक हवीच. पण दुकानातून हळद आणली तर पुडीत हळदच आहे ना, हे आपण बघतो. मग वाहिनीच्या नावात जे आहे तेच तिच्यावर दिसतं का, हे बघायला काय हरकत आहे?

एका वाहिनीत सगळे कोपरे

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. तेव्हा वाहिनी एकच, तीही दिवसातले काही तास. पण त्या थोड्या तासांत प्रत्येकाचा कोपरा ठरलेला होता. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, मुलांसाठी ‘किलबिल’, शिकू पाहणाऱ्यांसाठी ‘ज्ञानदीप’, साहित्याची आवड असणाऱ्यांसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, हसवायला ‘गजरा’. गावात टीव्ही एखाद-दुसरा. ज्याच्या घरी असेल त्याच्या ओसरीवर निम्मी आळी जमायची. शेतीचा कार्यक्रम बायका बघायच्या आणि बायकांचा कार्यक्रम गडीमाणसंही बघायची, कारण दुसरं बटणच नव्हतं.

पुढे 1992 नंतर खासगी वाहिन्या आल्या, डोक्यावर छत्र्या आल्या, गल्लीतून केबलच्या वायरी गेल्या. मग मोठ्या वाहिन्यांच्या मागून एकेका विषयाच्या वाहिन्या आल्या. डिस्कव्हरी आपल्या देशात 1995 मध्ये आली, एमटीव्हीची भारतातली वाहिनी 1996 मध्ये. नुसत्या स्वयंपाकाची वाहिनी आली, नुसत्या मराठी गाण्यांची आली. 26 मे 2015 ला शेतकऱ्यांसाठी चोवीस तासांची ‘डीडी किसान’ही सुरू झाली. तेव्हा वाटलं होतं, अर्ध्या तासाच्या कोपऱ्याची आता अख्खी खोली झाली. ज्याला जे हवं ते त्याला पोटभर मिळेल.

काही वर्षं ते मिळालंही. मग हळूहळू पाटी तीच राहिली आणि आतला माल बदलायला लागला.

माल कसा बदलतो

तीन वाहिन्यांची गोष्ट सांगते.

पहिली टीएलसी. आपल्याकडेही ती दिसते. तिच्या नावातल्या ‘एल’ या अक्षराचा अर्थ होता शिकणं. अमेरिकेत ॲपलाचिया नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या विखुरलेल्या गावांना उपग्रहावरून शिक्षण देण्याचा सरकारी प्रयोग झाला, आणि त्यातून ही वाहिनी उभी राहिली. गंमत अशी की ज्या उपग्रहावर तो प्रयोग झाला, तोच उपग्रह 1975-76 मध्ये एक वर्ष भारताला वापरायला मिळाला होता. त्यावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांना शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दाखवले गेले. म्हणजे त्यांचे डोंगरातले लोक आणि आपली खेडी एकाच उपग्रहावर शिकत होती. पुढे 1991 मध्ये ती वाहिनी एका मोठ्या कंपनीने घेतली. आज तिच्यावर लग्नाचे पोशाख, वजन कमी करणारी माणसं आणि कुणाच्या तरी घरातली भांडणं दिसतात. नावातली ती तीन अक्षरं उरली, शिकणं गेलं.

दुसरी एमटीव्ही. अमेरिकेत 1981 मध्ये निघाली ती केवळ गाण्यांसाठी. आपल्याकडे 2003 मध्ये तिच्यावर ‘रोडीज’ सुरू झालं. मोटारसायकलवरून प्रवास करत एकमेकांना स्पर्धेतून बाहेर काढणारी तरुण मुलं त्यात असतात. असे कार्यक्रम वाढत गेले, गाणी मागे पडली. 2010 मध्ये अमेरिकेतल्या मूळ वाहिनीने आपल्या चिन्हाखालचे ‘म्युझिक टेलिव्हिजन’ हे शब्दच काढून टाकले. त्यांनी निदान पाटी तरी पुसली.

तिसरी आपल्या चुलीजवळची. संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ हा कार्यक्रम 1993 पासून झी टीव्हीवर लागायचा. तो इतका चालला की 2010 मध्ये ‘झी खाना खजाना’ नावाची अख्खी वाहिनी निघाली. पाच वर्षांत तिचं नाव ‘लिव्हिंग फूड्झ’ झालं आणि पुढे ‘झी झेस्ट’. म्हणजे नावातून आधी ‘खाना’ गेला, मग जेवणच गेलं. पाककृतीच्या जोडीला प्रवास, हॉटेलं, राहणीमान असं सगळं आलं. उलट आपल्या नेहमीच्या मराठी वाहिन्यांवर ‘आम्ही सारे खवय्ये’ किंवा ‘मेजवानी’ बघून वही-पेन घेऊन बसणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. स्वयंपाक सर्वसाधारण वाहिनीवर टिकला, आणि स्वयंपाकाच्या वाहिनीवरून तो पातळ झाला.

असं का होतं?

कारण समजायला आपला मंचरचा बाजार डोळ्यांपुढे आणा. एक बाई फक्त मसाले विकते. माल चोख आहे, पण गिऱ्हाईक मोजकं. शेजारी बांगड्या आणि टिकल्यांच्या पाटीवर झुंबड असते. जागेचं भाडं दोघींना सारखंच. दोन-चार बाजार बघून मसालेवाली कोपऱ्यात चार डझन बांगड्या ठेवते. त्या खपतात. पुढच्या बाजाराला अर्धी जागा बांगड्यांची, आणि वर्षभराने मसाला शोधावा लागतो. तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. पण मसाल्यासाठी लांबून चालत आलेली बाई मात्र रिकाम्या हाती घरी जाते.

वाहिनीचंही असंच असतं. फरक एवढाच की वाहिनीचं खरं गिऱ्हाईक आपण नसतो, जाहिरात देणारा असतो. वाहिनी त्याला आपला वेळ विकते, म्हणजे खरं तर आपली नजर विकते. किती नजरा आहेत, हे ठरतं टीआरपीवरून. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या पुढे आहेत. कोण काय बघतं हे मोजणारं यंत्र मात्र पन्नास-साठ हजार घरांतच बसवलेलं आहे. म्हणजे साधारण साडेतीन हजार घरांमागे एक यंत्र. मोठ्या वाहिनीला त्याने फरक पडत नाही. पण जी वाहिनी हजारातली दोन-तीन घरंच बघतात, तिचा आकडा चार घरांनी बटण दाबलं नाही तरी खाली येतो. मग मालक घाबरतो आणि जे शेजारच्या वाहिनीवर चालतं तेच आपल्याकडे आणतो. म्हणून बटणं दोनशे असली तरी चित्र एकसारखं दिसायला लागतं.

दुसरं कारण आपल्या हातातला फोन. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं. हवं ते गाणं हवं तेव्हा फोनवर मिळायला लागल्यावर गाण्यांच्या वाहिनीसमोर कोण ताटकळत बसेल? बघणारे गेले की जाहिरात जाते. जाहिरात गेली की चांगला कार्यक्रम करायला पैसा राहत नाही. मग जुनं पुन्हा पुन्हा दाखवायचं, आणि ते बघून उरलेलेही जातात. विहिरीचं पाणी आटतं तसं हे आटत जातं.

तिसरं कारण आपण वाहिन्या कशा विकत घेतो यात आहे. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायच्या नियमाप्रमाणे आपल्याला हवी ती वाहिनी सुटी निवडता येते. पण सुटं निवडायचं म्हणजे कटकट, म्हणून आपण तयार पॅक घेतो. त्या पॅकमध्ये दोन-तीन गाजलेल्या वाहिन्यांच्या मागे पाच-सहा लहान वाहिन्या बांधलेल्या असतात, जशी दोन पेंढ्या चांगल्या मेथीच्या आणि मध्ये एक पिवळी. अशा काही वाहिन्यांची सुटी किंमत अगदी दहा पैसे होती. दहा पैशांत कुणी काय नवीन करणार?

डीडी किसानचं दुखणं थोडं वेगळं. ती सरकारी आहे, जाहिरातदाराच्या दारात उभं राहायची तिला गरज नाही. पण साऱ्या देशासाठी ती एकच, आणि भाषा मुख्यतः हिंदी. पंजाबचा गहू, आसामचा चहा, केरळचा नारळ सगळं तिने दाखवायचं. त्यात सातगाव पठारावरच्या पावसाळी बटाट्याच्या वाट्याला किती मिनिटं येणार?

सगळाच बदल वाईट नाही

न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही सांगते. ‘झी टॉकीज’ ही 2007 पासूनची मराठी सिनेमांची वाहिनी. तिच्यावर सकाळी ‘गजर भक्तीचा’ म्हणून कीर्तन लागतं. सिनेमाच्या पाटीखाली कीर्तन, म्हणजे मालात बदलच झाला. पण गुडघ्यांमुळे ज्या आजीला सप्ताहाच्या मंडपापर्यंत जाता येत नाही, तिच्या घरी कीर्तनकार आले. म्हणून पाटी आणि माल जुळतो का, हा पहिला प्रश्न झाला. आलेला माल आपल्या कामाचा आहे का, हा दुसरा. दोन्ही विचारायला हवेत.

आपलं नुकसान कुठे होतं

कुणी म्हणेल, वाहिनी बिघडली तर बिघडली, दुसरी लावू. पण तीन ठिकाणी आपल्याला थेट फटका बसतो.

पहिलं, शेती. पेठ, कुरवंडी, थुगाव, पारगाव, आपलं सारं पठार पावसाळ्यात बटाटा लावतं. मंचरच्या बाजारातून पंजाबचं बियाणं आणायचं, उसनवारी करून खत टाकायचं. आठ दिवस ढगाळ राहिलं आणि करपा आला की चार दिवसांत वेल काळा पडतो. त्या वेळी कोणतं औषध, किती पाण्यात, पावसाची उघडीप कधी, हे ज्याला कळलं त्याचा बटाटा वाचला. ते सांगायला शेतीची वाहिनी हवी. तिथे तेव्हा दुसरंच काही चालू असेल तर आपण दुकानदार सांगेल ती बाटली आणतो.

दुसरं, बिबट्या. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे, हे सांगायला टीव्ही नको. लहान लेकराला अंगणात सोडताना प्रत्येक आईचा जीव खालीवर होतो. प्राण्यांच्या वाहिनीवर मात्र आफ्रिकेचे सिंह असतात. बातम्यांच्या वाहिनीवर बिबट्या येतो तो लाल अक्षरांत, धडधडत्या संगीतात, तेच चार सेकंदांचं चित्र वीस वेळा. भीती मिळते, माहिती मिळत नाही. खरं तर माहिती आपल्याच मातीतली आहे. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. बिबटे उचलून नेल्याने माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले, असं त्यात दिसलं. 2009 मध्ये ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं, तर तो शंभराहून जास्त किलोमीटर चालत थेट मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. त्याच्यावर 2014 मध्ये मराठी सिनेमाही आला. बिबटे धरून नेले की सुटलो, हे इतकं सोपं का नाही, ते यातून कळतं. मागणी करताना काय मागायचं, तेही कळतं. वासरांचा गोठा पक्का हवा, रस्त्याला दिवे हवेत, शाळेच्या वाटेवर सोबत हवी, वनखात्याचं पथक वेळेवर हवं. प्राण्यांच्या वाहिनीने हे दाखवायला हवं होतं.

तिसरं, सरळ पैशाचं नुकसान. कार्यक्रम करायला पैसा नसलेली वाहिनी रिकामे तास विकते. दुपारी बायका घरी असतात तेव्हा, आणि रात्री उशिरा, अर्धा-अर्धा तास एकच माणूस बोलत असतो. गुडघ्याचं तेल, साखर मुळापासून घालवणारी पुडी, घरात लक्ष्मी आणणारं यंत्र. दिसायला तो कार्यक्रम, मुलाखत घेणारी बाईसुद्धा असते, पण ती सारी जाहिरात असते. आमच्याकडच्या एका गटात घरगुती अडचण म्हणून उचललेलं तीन हजारांचं अंतर्गत कर्ज अशाच एका यंत्राला गेलं. घरातलं आजारपण होतं तसंच राहिलं, आणि हप्ता मात्र दर महिन्याला फेडावा लागला. त्या बाईला हसू नका. दमलेल्या माणसाला आशा विकणं सगळ्यात सोपं असतं.

यावर कायदा आहे. 1954 च्या कायद्याप्रमाणे मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, लठ्ठपणा, वंध्यत्व बरं करतो, उंची वाढवतो, अशी औषधाची जाहिरातच करता येत नाही. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. एका शिक्षकाने टीव्हीवरच्या यंत्रांच्या जाहिरातींविरुद्ध याचिका केली, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला. दैवी शक्ती आहे असं सांगून यंत्र विकण्याची जाहिरात बेकायदा आहे, आणि ती दाखवणारी वाहिनीही जबाबदार आहे. एका मास्तरांनी हे करून दाखवलं. आपण तर गटात दहा-बारा जणी आहोत.

मग करायचं काय?

एक, पुढच्या बैठकीत केबलची पावती घेऊन या. त्यात मूळ आकार किती, वाहिन्यांचे किती, कर किती, हे वेगळं लिहिलेलं असायला हवं. 2024 मध्ये ट्रायने मूळ आकारावरची मर्यादा काढली आहे, म्हणून आता विचारणं जास्त गरजेचं. जी वाहिनी महिन्यात एकदाही लावली नाही, तिच्यापुढे फुली मारा आणि ती कमी करायला सांगा. दर महिन्याचा खर्च झेपत नसेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्रीचे पैसे एकदाच, पुढे महिन्याचं काही नाही.

दोन, घड्याळ लावून जाहिराती मोजा. तासाला 12 मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको, असा नियम आहे. त्यात वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची जाहिरातही धरायची. शाळकरी मुलांना हे काम द्या, त्यांचं गणितही होईल.

तीन, तक्रार करा. वाहिनीकडे लेखी तक्रार केली तर 2021 च्या नियमाप्रमाणे तिने 15 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. वस्तू घेऊन फसवणूक झाली तर ग्राहक मदत क्रमांक 1915. यंत्र-ताईत विकणाऱ्यांसाठी पोलीस ठाणं. बिल आणि फोनवरचा निरोप जपून ठेवा.

चार, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं, एकत्र बसून बघा आणि ऐका. ही नवी कल्पना नाही, आपल्याच जिल्ह्यातली जुनी आहे. 1956 मध्ये पुणे आकाशवाणीवरून एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, आणि प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. पुढच्या वेळी त्या प्रश्नांची उत्तरं रेडिओवर यायची. ऐका, चर्चा करा, कृतीत आणा, हे त्यांचं सूत्र होतं. तिथे ऐकणारा माणूस नुसता आकडा नव्हता. तो पुढचा कार्यक्रम काय असावा हे सांगत होता.

टीआरपीचं यंत्र आपल्या घरात बसेल की नाही, ते आपल्या हातात नाही. पण सामुदायिक रेडिओ आपल्या हातात आहे. त्याला जाहिरातदाराची नजर सांभाळायची नाही, तुमची सांभाळायची आहे. तेव्हा या महिन्यात प्रत्येक गटाने एक चिठ्ठी पाठवा. टीव्हीवरून कोणती माहिती मिळायला हवी होती आणि मिळाली नाही, ते लिहा. बटाट्याचा करपा असो, शाळेच्या वाटेवरचा बिबट्या असो, नाचणीचे लाडू असोत. ज्यावर जास्त चिठ्ठ्या येतील, त्या विषयाचा जाणकार इथे बोलवायची व्यवस्था करू. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या, खाली अंगठा चालेल.

तोपर्यंत बाजारात पुडी उघडून वास घेता, तशीच वाहिनीही पारखून घ्या.